‘विंडोज उडाले’ म्हणण्यापूर्वी : संगणक सुरू होताना काय घडते

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावशीचा लॅपटॉप एका सकाळी सुरूच होईना. आदल्या रात्री अपडेट चालू असताना वीज गेली होती आणि जुन्या बॅटरीने दोन मिनिटेही दम धरला नव्हता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एवढीच ओळ येत होती की, बूट करण्याजोगे, म्हणजे ज्यावरून संगणक सुरू करता येईल असे, उपकरण सापडत नाही. जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात तिला सांगण्यात आले, ‘विंडोज उडाले आहे, फॉरमॅट मारावे लागेल, डेटा जाईल.’ त्या डेटात नातवंडांचे अकरा वर्षांचे फोटो होते आणि भिशीचे सगळे हिशेब होते. मावशीने लॅपटॉप तिथे न ठेवता घरी आणला हे फार बरे झाले, कारण त्यातले विंडोज उडालेले नव्हते आणि फोटोही जागच्या जागी होते. बिघडली होती ती फक्त विंडोजला उठवणारी एक छोटी व्यवस्था. तिचे नाव बूटस्ट्रॅप लोडर, थोडक्यात बूट लोडर. ती कशी चालते हे कळले, की ‘उडाले’ या एका शब्दाखाली आपण किती वेगवेगळे बिघाड एकाच गाठोड्यात बांधतो तेही कळते.

मूळ अडचण अशी आहे. प्रोसेसरला एकच काम येते : मेमरीतल्या एका पत्त्यावरची सूचना उचलायची, ती पार पाडायची आणि पुढची सूचना उचलायची. त्याला डिस्क म्हणजे काय, फाइल म्हणजे काय, विंडोज किंवा लिनक्स म्हणजे काय, यातले काहीही ठाऊक नसते. वीज बंद असताना ही मेमरी, म्हणजे रॅम, पुसली गेलेली असते, म्हणजे उचलण्याजोगी सूचनाच तिच्यात नसते. ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे विंडोज किंवा लिनक्ससारखी संगणक चालवणारी मूळ प्रणाली, डिस्कवर सुरक्षित असते खरी, पण डिस्कवरून काहीही वाचायचे तर वाचणारा प्रोग्राम आधी मेमरीत हवा, आणि असे प्रोग्राम तर ऑपरेटिंग सिस्टिमचाच भाग असतात. नट कितीही तरबेज असला तरी त्याला स्वतःच्या खांद्यावर चढता येत नाही, असा दाखला आपल्याकडच्या दर्शनग्रंथांत देतात. इंग्रजीत तीच अशक्य गोष्ट बुटाच्या मागच्या पट्टीला धरून स्वतःलाच उचलण्याच्या कल्पनेतून सांगतात, आणि त्या पट्टीलाच बूटस्ट्रॅप म्हणतात. यावरची तोड मात्र आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसते. दही लावायला आधी दही लागते, पण पातेलेभर लागत नाही. चमचाभर विरजण पुरते. संगणकालाही असेच थोडेसे विरजण बाहेरून मिळावे लागते.

सुरुवातीच्या काळात हे विरजण माणूस हाताने घालत असे. १९७५ साली आलेल्या अल्टेअर ८८०० या संगणकाच्या दर्शनी भागावर खटक्यांची रांग होती. एकेक खटका वर किंवा खाली करून एक बाइट, म्हणजे आठ शून्य-एकांचा गट, तयार करायचा, तो मेमरीत टाकायचा, मग पुढचा बाइट, असे करत एक छोटा प्रोग्राम हाताने भरावा लागे, आणि त्या प्रोग्रामला येणारी एकमेव गोष्ट म्हणजे कागदी फितीवरची भोके वाचून मोठा प्रोग्राम मेमरीत आणणे. पॉल ॲलन आणि बिल गेट्स यांनी या यंत्रासाठी बेसिक ही भाषा लिहिली, पण ती दाखवण्यासाठी ॲलन विमानाने अल्बुकर्कीला निघाले तेव्हा वाटेत त्यांच्या लक्षात आले की ती फितीवरून आत आणणारा लोडर लिहायचाच राहिला आहे. तो त्यांनी विमानातच कागदावर लिहून काढला. तो नसता, तर फितीवरचा सगळा प्रोग्राम निर्दोष असूनही काही उपयोग नव्हता. मावशीच्या लॅपटॉपची स्थिती नेमकी हीच होती.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा विरजणाची जागा कायमची ठरून गेली. त्याच्या मदरबोर्डवर वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या चिपेत ८ केबीचा एक प्रोग्राम होता, त्याचे नाव बायोस. त्यातल्या ८०८८ प्रोसेसरला १ एमबी मेमरीपर्यंतचे पत्ते कळत, आणि त्याची घडणच अशी होती की वीज स्थिर झाल्याचा इशारा मिळताच तो पहिली सूचना १०,४८,५६० या पत्त्यावरून उचलत असे. हा पत्ता १ एमबीच्या हद्दीपासून फक्त १६ बाइट अलीकडे आहे. चिपेतला प्रोग्राम पत्त्यांच्या त्याच टोकाशी जोडलेला असल्याने प्रोसेसरच्या हाती रिकामी रॅम न येता बायोस येतो. उरलेल्या १६ बाइटांत कोणता प्रोग्राम मावणार? पहिल्या पीसीत तिथे ५ बाइटांची एकच सूचना होती, ‘अमुक पत्त्यावर उडी मार’, आणि तिच्या पाठोपाठ ८ बाइटांत बायोसची तारीख होती, २४ एप्रिल १९८१. आजचे प्रोसेसर सुरू होतात ते ४ जीबीच्या हद्दीखालच्या १६ बाइटांपासून. आकडे बदलले, रीत तीच राहिली.

बायोस पहिल्यांदा घरातली माणसे मोजावीत तशी सगळी उपकरणे तपासतो. मेमरी नीट आहे का, कीबोर्ड जोडलेला आहे का, पडदा चालतो का, हे तो पाहतो आणि गंभीर दोष असला तर ठरावीक प्रकारे बीप वाजवतो, कारण पडद्यावर काही लिहिण्याची सोय त्या क्षणी असेलच असे नाही. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासून परत बसवायची, हा आपल्याकडचा घरगुती उपाय याच टप्प्यावरच्या दोषावरचा आहे, आणि दातांवर मळ साचला असेल तर तो लागू पडतो. आताच्या संगणकात हा टप्पा अधिक अवघड झाला आहे. नव्या वेगवान रॅमचे वेळापत्रक प्रत्येक वेळी बारकाईने जुळवावे लागते, आणि ते जुळेपर्यंत रॅम वापरताच येत नाही. मग रॅम जुळवणाऱ्या प्रोग्रामने स्वतःची टिपणे ठेवायची कुठे? त्यासाठी प्रोसेसरच्या आतली छोटी कॅश मेमरी तेवढ्यापुरती रॅम म्हणून वापरली जाते. ज्याने कोणी ही युक्ती प्रथम योजली असेल, त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

तपासणी झाली की खरा बूटस्ट्रॅप सुरू होतो. बायोसला फाइल वाचता येत नाही, त्याला डिस्कवरचा क्रमांकाने सांगितलेला सेक्टर, म्हणजे डिस्कचा ठरावीक आकाराचा छोटा तुकडा, तेवढा वाचता येतो. म्हणून ठरले असे की बायोसने पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, उचलून मेमरीतल्या ३१,७४४ या पत्त्यावर ठेवायचे आणि डोळे झाकून तिथे उडी मारायची. हा आकडा चमत्कारिक दिसतो, पण तो बरोबर ३१ केबी आहे. त्या काळच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमला किमान ३२ केबी रॅम लागत असे. मेमरीची सुरुवात बायोसच्या कोष्टकांसाठी आणि येणाऱ्या डॉससाठी मोकळी ठेवायची म्हणून शेवटचा एक केबी निवडला गेला, त्यातले ५१२ बाइट बूट सेक्टरला आणि ५१२ बाइट त्याच्या किरकोळ कामांसाठी. पुढे रॅम हजारो पटींनी वाढली, तरी बायोसच्या पद्धतीने सुरू होणारा प्रत्येक पीसी बूट सेक्टर याच पत्त्यावर ठेवत राहिला. उचललेला सेक्टर खरोखर बूट सेक्टर आहे का, हे ओळखण्यासाठी पुढच्या बायोसांनी त्याचे शेवटचे दोन बाइट पाहायला सुरुवात केली. ते ८५ आणि १७० असावे लागतात. बायनरीत लिहिले तर ०१०१०१०१ आणि १०१०१०१०, म्हणजे एकमेकांची अचूक उलट. एवढी खूण दिसली की बायोसचे समाधान होते. आत काय लिहिले आहे हे तो पाहत नाही, आणि पुढे हेच महागात पडले.

हार्ड डिस्क आल्यावर एक प्रश्न वाढला, कारण एका डिस्कचे अनेक भाग, म्हणजे पार्टिशन, पाडता येतात आणि प्रत्येकात वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम असू शकते. म्हणून १९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर डिस्कच्या पहिल्या सेक्टरची वाटणी झाली. ५१२ पैकी शेवटचे २ बाइट खुणेचे, त्याआधीचे ६४ बाइट चार पार्टिशनांच्या कोष्टकाचे, आणि प्रोग्रामसाठी उरले ४४६. याला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. ४४६ बाइट म्हणजे किती, ते आपल्या लिपीच्या मापाने पाहावे : यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात, म्हणजे ४४६ बाइटांत जेमतेम १४८ चिन्हे मावतील, आणि तुम्ही आता वाचत आहात ते वाक्य त्यात पुरे बसणार नाही. एवढ्या जागेत हा प्रोग्राम कोष्टक वाचतो, ‘चालू’ अशी खूण असलेले पार्टिशन शोधतो आणि त्या पार्टिशनचा पहिला सेक्टर मेमरीत आणतो. पण तो नवा सेक्टरही स्वतःला ३१,७४४ या पत्त्यावरच ठेवले जाईल असे गृहीत धरून लिहिलेला असतो, आणि त्या जागेवर तर मास्टर बूट रेकॉर्ड स्वतः बसलेला असतो. म्हणून तो सर्वांत आधी स्वतःची प्रत १,५३६ या पत्त्यावर काढतो, तिथे उडी मारतो, आणि मग रिकाम्या झालेल्या जागेवर पाहुण्याला बसवतो.

या सगळ्या साखळीतला कोणताही टप्पा हुशार नाही, आणि तिचे बळ त्यातच आहे. बायोसला पार्टिशन कळत नाही, मास्टर बूट रेकॉर्डला फाइल कळत नाही, पार्टिशनच्या बूट सेक्टरला आपल्या पार्टिशनमधली एक ठरावीक फाइल शोधण्यापुरतीच अक्कल असते, आणि त्या फाइलीला मात्र कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, उचलून मेमरीत आणता येते. प्रत्येकाला फक्त पुढच्याचे घर ठाऊक असते. त्यामुळेच बायोस लिहिणाऱ्याने कधी नावही न ऐकलेली ऑपरेटिंग सिस्टिम दहा वर्षांनी त्याच बायोसवर सुरू होऊ शकली.

लिनक्सच्या जुन्या वापरकर्त्यांनी हे टप्पे डोळ्यांनी पाहिले आहेत. लिलो नावाचा बूट लोडर सुरू होताना पडद्यावर आपल्या इंग्रजी नावाची चार अक्षरे, एल, आय, एल, ओ, एकेक करून उमटवत असे, आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एकेक टप्पा पार पडल्याची पावती असे. एकच ‘एल’ येऊन थांबले, तर पहिला टप्पा चालला पण दुसरा डिस्कवरून आणता आला नाही. ‘एल आय’ वर अडले, तर दुसरा आणला गेला पण चालू झाला नाही. चारही अक्षरे आली म्हणजे लोडर संपूर्ण जागा झाला. बिघाड कुठे आहे हे चार अक्षरांत सांगणारी इतकी प्रामाणिक सोय मला नंतरच्या रंगीत पडद्यांवर कधी भेटली नाही.

बायोसच्या आंधळ्या विश्वासाचा गैरफायदा घेतला गेला नसता तरच नवल. १९८६ साली लाहोरमध्ये तयार झालेला ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये जाऊन बसत असे. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये विसरून कोणी संगणक सुरू केला की बायोस नेहमीप्रमाणे पहिला सेक्टर उचलून चालवी, आणि ऑपरेटिंग सिस्टिम यायच्या आधीच व्हायरस मेमरीत ठाण मांडे. नंतरचा ‘मायकेलअँजेलो’ हार्ड डिस्कच्या मास्टर बूट रेकॉर्डमध्येही घुसे आणि ६ मार्चला डिस्कची सुरुवातच खरडून टाकी. ८५ आणि १७० ही खूण अशा सेक्टरवरही असायचीच. हा बूट सेक्टर आहे, एवढेच ती सांगते. तो कोणी लिहिला हे तिला सांगता येत नाही.

नव्या पद्धतीची गरज आणखी एका कारणाने निर्माण झाली. जुन्या कोष्टकात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत, म्हणजे ३२ शून्य-एकांत, लिहितात, त्यामुळे ५१२ बाइटांच्या सेक्टरांच्या हिशेबाने सुमारे २ टीबीच्या पलीकडचा पत्ता लिहिताच येत नाही. इंटेलने १९९० च्या दशकात सुरू केलेल्या कामातून आणि २००५ साली अनेक कंपन्यांनी मिळून स्थापन केलेल्या मंचातून यूईएफआय ही व्यवस्था आली, आणि आज विकल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पीसीत बायोसच्या जागी तीच असते, लोक तिला सवयीने बायोस म्हणत असले तरीही. या नव्या फर्मवेअरला, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपेत राहणाऱ्या प्रोग्रामला, फॅट या साध्या पद्धतीने लिहिलेल्या फाइली थेट वाचता येतात. त्यामुळे पहिल्या सेक्टरमध्ये प्रोग्राम कोंबण्याची कसरत संपली. डिस्कवर एक छोटे पार्टिशन राखून ठेवलेले असते, विंडोज ते बहुधा १०० एमबीचे करते, आणि त्यात बूट लोडर एखाद्या साध्या फाइलीसारखा पडून असतो. कोणती फाइल उचलायची याची नोंद मदरबोर्डवरच्या मेमरीत असते. सिक्युअर बूट चालू असेल, तर उचललेल्या फाइलीवरची डिजिटल सही फर्मवेअरकडच्या किल्ल्यांशी जुळते का हेही पाहिले जाते, आणि जुळली नाही तर ती फाइल चालवली जात नाही. ‘ब्रेन’ला मोकळे असलेले दार अशा रीतीने पंचवीस-तीस वर्षांनी बंद झाले.

विंडोजचा बूट लोडर आपल्या नोंदवहीतून कोणते विंडोज सुरू करायचे ते ठरवतो आणि विनलोड नावाच्या प्रोग्रामकडे काम सोपवतो. विनलोड कर्नल मेमरीत आणतो, विंडोजच्या मांडणीच्या नोंदी असलेल्या रजिस्ट्रीचा आवश्यक भाग आणतो, आणि डिस्कशी बोलण्यासाठी लागतील तेवढे ड्रायव्हर, म्हणजे उपकरणे हाताळणारे छोटे प्रोग्राम, तेही सोबत आणतो. हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे, कारण डिस्कचा ड्रायव्हर डिस्कवर आणि तो वाचायला डिस्कचा ड्रायव्हर हवा, ही पहिलीच गाठ इथे पुन्हा पडते. लिनक्सने ती वेगळ्या तऱ्हेने सोडवली आहे : बूट लोडर कर्नलबरोबर इनिटरॅमएफएस नावाची एक शिदोरी मेमरीत ठेवतो, तिच्यात गरजेचे ड्रायव्हर बांधलेले असतात, आणि ते वापरून कर्नल खऱ्या डिस्कपर्यंत पोहोचते. सगळी सामग्री जमली की यूईएफआयला सांगितले जाते की तुझ्या बूटकालीन सेवा आता थांबव. त्या एका हाकेनंतर डिस्क वाचून देणारे फर्मवेअर बाजूला होते आणि यंत्राचा ताबा कर्नलकडे जातो. परतीची वाट नसते.

आता बिघाडांकडे पुन्हा पाहता येईल. पडदा काळा आहे आणि बीप वाजत आहेत, तर गोष्ट बूट लोडरपर्यंत पोहोचलेलीच नाही. बूट करण्याजोगे उपकरण नाही असे फर्मवेअर सांगत असेल, तर डिस्क निकामी आहे, सुटलेली आहे, किंवा तिच्यावरचा लोडर हरवला आहे, आणि या तीन शक्यतांपैकी फक्त पहिलीत डेटाची काळजी करावी लागते. जुन्या यंत्रांवरचा ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ हा संदेश मास्टर बूट रेकॉर्डच्या त्या ४४६ बाइटांतून येई, तर ‘एनटीएलडीआर (जुन्या विंडोजचा लोडर) इज मिसिंग’ हा पार्टिशनच्या बूट सेक्टरकडून. म्हणजे दुसऱ्या संदेशात साखळी एक पाऊल पुढे गेलेली असे. लिनक्सच्या यंत्रावर ‘ग्रब रेस्क्यू’ दिसले, तर ग्रब हा लोडर अर्धा जागा झालेला असतो आणि त्याला आपल्याच उरलेल्या फाइली सापडत नसतात. आणि विंडोजचा निळा पडदा आला, तर लोडरने आपले काम पूर्ण केलेले असते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक बंद पडले, तेव्हा फर्मवेअर, लोडर आणि कर्नल हे सगळे ठीक होते. कर्नलमध्ये शिरलेला एक ड्रायव्हर कोसळत होता. म्हणूनच सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेच्या ड्रायव्हरांनिशी, सुरू करून एक फाइल काढून टाकणे एवढाच त्यावरचा उपाय होता.

मावशीच्या लॅपटॉपबाबत आम्ही आधी पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने तो सुरू केला. त्याला आतल्या डिस्कवरच्या लोडरची गरजच पडत नाही. तिची डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येईल अशी कुलूपबंद, नव्हती म्हणून सगळ्या फाइली लगेच दिसल्या. बिटलॉकर ही विंडोजची एन्क्रिप्शनची सोय चालू असती तर ४८ आकडी रिकव्हरी की लागली असती, आणि ती आधीच कागदावर लिहून ठेवलेली असणे फार गरजेचे आहे. फोटो आणि भिशीची वही बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली. मग विंडोजच्या इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हने लॅपटॉप सुरू करून ‘इन्स्टॉल’ ऐवजी दुरुस्तीचा पर्याय निवडला. बूट लोडरच्या पार्टिशनवरची फॅटची रचना मोडली होती, म्हणून तेवढे पार्टिशन कोरे केले आणि बीसीडीबूट या आज्ञेने विंडोजच्या फोल्डरमधल्याच प्रती वापरून लोडरच्या फाइली तिथे नव्याने लिहिल्या. आज्ञेला काही सेकंद लागले. लॅपटॉप बंद करून चालू केला तेव्हा नेहमीचा लॉगिनचा पडदा आला, आणि त्या सगळ्या खटाटोपात फॉरमॅट झाले होते ते १०० एमबीचे एक पार्टिशन.